किट्टूरावांचा पिवळा दिवा

संध्याकाळचे सहा. मैलापूरच्या तळ्याकाठचा रस्ता. मागे दोन बस, तीस-चाळीस रिक्षा आणि दिवसभर ऑफिसात डोकं शिजवून घरी निघालेली माझ्यासारखी शे-दोनशे माणसं. अशा वेळी एखाद्या गृहस्थानं आपली गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवावी, खाली उतरावं, मोजून दहा पावलं मागे यावं आणि हातात लाल निशाण धरून ताठ उभं राहावं, याला काय म्हणायचं? मी जे म्हटलं ते इथं छापता येणार नाही. सांगलीची आहे मी. आमच्याकडे राग आला की तो पोटात ठेवायची पद्धत नाही.

रिक्षावाला हॉर्न दाबून थकला तेव्हा मी उतरून तरातरा पुढे गेले. बघते तर माझ्या खालच्या मजल्यावरचे कृष्णाजीराव! कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर काळ्या अक्षतेचा टिळा आणि हातात ते निशाण. ते बायकोच्या जुन्या परकराचं शिवलेलं होतं हे मला नंतर कळलं. पुढे त्यांची बुटकी लाल गाडी, कापडी टपाची, दोनच सीटांची. डाव्या सीटवर तांदळाचं पोतं होतं, पट्टा लावून बसवलेलं. किराणा आणायला गेले असतील, असं मला वाटलं.

"काका, गाडी बंद पडली का?"

"गाडी कां म्हणून बंद पडेल?" ते माझ्यावरच उखडले. "उत्तम चालती आहे."

"मग?"

"दिवा लागला."

मी वाकून पाहिलं. स्टिअरिंगच्या मागे तो इंजिनाच्या आकाराचा छोटा पिवळा दिवा. इंजिनात कुठंतरी काहीतरी खुटखुट आहे, सवडीनं दाखवून घ्या, एवढंच तो सांगतो. हा दिवा लागलेल्या गाड्या लोक वर्ष वर्ष चालवतात, त्यातून लग्नाची वऱ्हाडं नेतात.

"अहो, मग बाजूला तरी घ्या!"

"दिवा लागल्यावर हालायचं नाही. लेखी हुकूम पाहिजे." मग एकदम त्यांचे डोळे चमकले. "तू इंजिनियर आहेस की! तू दे लेखी."

मागे बसवाल्यानं आमच्या दोघांच्याही आईबापांचा तमिळमध्ये उद्धार चालवला होता. मी पर्समधून वही काढली, पान फाडलं आणि लिहिलं: पिवळा दिवा लागलेला असताना ही गाडी घरापर्यंत नेण्यास हरकत नाही. खाली सही केली. त्यांनी कागद वाचला, परत दिला. "वेळ घाल. आणि वेग." मी वेळ घातली, वेग वीस घातला. त्यांनी कागद खिशात ठेवला, निशाण गुंडाळलं आणि खरंच ताशी वीसच्या वेगानं निघाले. त्यांच्या मागे दोन बस, आणि बसच्या मागे मी.

अशी आमची ओळख झाली. जिन्यात नमस्कार-चमत्कार आधीही होते, पण माणूस कळला तो त्या दिवशी.

अख्खी बिल्डिंग त्यांना किट्टू मामा म्हणते. कृष्णाचं इकडे किट्टू होतं. मी त्यांना काका म्हणते आणि ते मला इंजिनियरम्मा म्हणतात. घराणं तंजावरकडचं. पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्रातून आले आणि येताना जी मराठी आणली तीच हे अजून पुरवून पुरवून वापरतात. वर तमिळचा तडका. त्यांच्या बोलण्यातला सगळ्यात लाडका शब्द म्हणजे 'सुम्मा'. सुम्मा म्हणजे उगाच, काही कारण नसताना. माणूस सुम्मा बसतो, सुम्मा हसतो, सुम्मा फोन करतो. पण काकांच्या मते जगात एकच गोष्ट सुम्मा होत नाही.

"दिवा सुम्मा लागत नाही, इंजिनियरम्मा."

कारण काकांनी सदतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी केली. त्या खात्याचा धर्मच असा, की सिग्नल बिघडला तर तो लालच झाला पाहिजे. हिरवा राहून बिघडला तर माणसं मरतात. आणि लाल सिग्नल कुणी ओलांडायचा तर हातात कागद हवा, त्यावर सही हवी, वेळ हवी. निवृत्त झाल्यावर माणसं धर्म बदलत नाहीत, नुसता पगार थांबतो. ह्या माणसानं तोच कायदा घरी आणला. आमच्या लिफ्टमधला आकडा कधी कधी दुसऱ्या मजल्यावर तिसरा दाखवतो, म्हणून काका सहा वर्षं लिफ्टमध्ये चढलेले नाहीत. सोसायटीला त्यांनी त्यावर चौदा पत्रं लिहिली आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी "हा काय न्याय?" असा सवाल आहे. दुधाची पिशवी गळली, हा काय न्याय? कुकरची तिसरी शिटी वेळेआधी झाली, हा काय न्याय? एकदा चौकातला सिग्नल नुसता पिवळा उघडझाप करत होता, तर हे पोलीस शोधायला गेले. सापडला नाही म्हणून गाडी तिथंच ठेवून चालत घरी आले.

गाडी खरं तर त्यांची नाहीच. ती सरसा मामींची, म्हणजे त्यांच्या बायकोची. मामींच्या भावानं परदेशातून कायमचं परत येताना ती आणली आणि बहिणीला दिली. बावीस वर्षं मामींनी ती चालवली, आणि कशी! टप उघडून, नऊवारीचा पदर खोचून, समुद्राच्या कडेनं. काका डाव्या सीटवर बसायचे आणि सिग्नल ओरडून सांगायचे. "पुढं लाल!" "दिसतंय मज!" "आता हिरवा!" "आंधळी नाही मी!" बावीस वर्षांचा हा संसार आख्ख्या मैलापूरनं ऐकलेला आहे.

मग चार महिन्यांपूर्वी मामींच्या छातीत कळ आली आणि हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, फिरा, गाडीत बसा, फक्त चालवायची इतक्यात नाही. तेव्हा एकाहत्तराव्या वर्षी काकांनी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. तिथल्या मास्तरांनाही त्यांनी दोन पत्रं लिहिली म्हणे.

आता पेच ऐका. मामींची थोरली बहीण, अक्का, अण्णा नगरला राहते. ऐंशी ओलांडलेली, जिना उतरू शकत नाही. तिचा मुलगा तिला महिन्याअखेरीस कायमची कोइमतूरला नेणार होता. ऑपरेशन झाल्यापासून दोघी बहिणींची गाठ नाही, नुसतं फोनवर रडणं. मामींना जायचं होतं. पण भाड्याच्या गाडीतून जायला त्या तयार नव्हत्या.

"माझी गाडी खाली उभी असतां मी भाड्याच्या गाडीतून जाऊं?" त्या कडाडल्या. "अक्कासमोर उतरूं? ती म्हणेल, सरसा संपली. मी काय संपलें की?"

आणि काका म्हणत, जोवर दिवा येतो-जातो तोवर हिला त्या गाडीत बसवणार नाही. झालं! नवरा दिव्यासाठी अडून बसलेला, बायको गाडीसाठी. दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायला लागले. मी सिरुसेरीच्या ऑफिसातून दीड तास बस हाणून घरी यायची ती थेट ह्यांच्या कोर्टात.

मी यात का पडले? कारण माझा अपमान झाला होता. सिरुसेरीच्या काचेच्या इमारतीत बसून मी गाड्यांच्या इंजिनांचं सॉफ्टवेअर लिहिते. कुठला दिवा कधी लागावा आणि कधी विझावा हे ठरवणं, हेच माझं पोटापाण्याचं काम. आणि एक पंचवीस वर्षांची म्हातारी गाडी माझ्या नाकावर टिच्चून दिवा लावते आणि विझवते? मी म्हटलं, शनिवारी एका तासात निकाल लावते.

शनिवारी मी स्कॅनर घेऊन खाली गेले. स्कॅनर म्हणजे गाडीला जोडायचं यंत्र, ते गाडीच्या पोटातली तक्रार वाचून दाखवतं. काका दोन प्रतींत फॉर्म घेऊन उभे होते.

"हे काय?"

"डिस्कनेक्शन मेमो. काम करायच्या आधी गाडी माझ्याकडून लिहून घ्यायची. झाल्यावर लिहून परत द्यायची. मध्ये काही झालं तर जबाबदारी कोणाची, हे कळायला नको?"

मी दात-ओठ खात सही केली. यंत्र जोडलं. एकच तक्रार निघाली: सायलेन्सरच्या नळीत बसून धूर तपासणारा एक सेन्सर असतो, त्याच्या वायरिंगमध्ये दोष. सोपं! बाहेरगावाहून नवा सेन्सर मागवला, बसवला, गाडी घेऊन लायटहाऊसपर्यंत जाऊन आले. दिवा नाही. मेमोवर सही करून गाडी परत दिली. बुधवारी ऑफिसात मीटिंग चालू असताना फोन. "दिवा लागला. मंदवेलीच्या बसस्टँडपाशी उभा आहे. लेखी पाठीव."

मी फोनवर लेखी पाठवलं. काय करता!

पुन्हा शनिवार, पुन्हा मेमो. गाडी जॅकवर चढवून मी खाली पाठीवर सरपटले, वायर बाहेरून बघितली, जोड घासले, चिमटे बदलले. चालवली. दिवा नाही. गुरुवारी फोन. "अण्णा नगरच्या पुलावर आहे." तिसऱ्या शनिवारी दुसरा नवा सेन्सर. मी चालवली, दिवा नाही. मंगळवारी फोन. मी चालवली की गाडी शहाण्या मुलीसारखी वागायची आणि काकांनी चालवली की दिवा! ऑफिसातल्या माझ्या साहेबांना वाटायला लागलं, माझे वडील फार आजारी असावेत.

"दिवा तुज भितो," काका मला समजावत.

"भीत नाही, हसतो तिज," मामी वरून गॅलरीतून म्हणत.

मी म्हटलं, काका, तुम्ही शेजारी बसा, मी चालवते, दोघं मिळून बघू कधी लागतो ते. तर नाही म्हणाले. त्या डाव्या सीटवर ते फक्त मामींच्या शेजारी बसतात, दुसऱ्या कुणाच्या नाही. बरं, तुम्ही चालवा, मी बसते. तेही नाही, ट्रायलच्या गाडीत प्रवासी चालत नाही. सीट काढून खालची वायर बघू? सीटला हात लावायचा नाही, आता ती तिची सीट आहे. म्हणजे चाचणी करायची, पण काही करायचं नाही! हा काय न्याय, असं आता मलाच म्हणावंसं वाटायला लागलं.

महिना संपायला दहा दिवस उरले तेव्हा माझा तोल गेला. जिन्यात उभं राहून मी ओरडले, "अहो, त्या दिव्यानं कुणी मरत नाही! एक काळी चिकटपट्टी आणते आणि लावते त्याच्यावर! दिसणार नाही, प्रश्न मिटला!"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. ते आत गेले आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर पत्र: दुसऱ्या मजल्यावरील रहिवाशी इंजिनियर बाईंनी सिग्नल झाकण्याची सूचना केली आहे, तरी सर्वांनी सावध असावं. एवढ्यावर थांबले नाहीत. आदल्या आठवड्यात मी त्यांना डब्यातून थालीपीठं दिली होती. तो डबा त्यांनी वॉचमनच्या हाती परत पाठवला. रिकामा! शेजारच्याचा डबा रिकामा परत करत नाहीत हे सांगलीतही कळतं आणि तंजावरातही कळतं. साखरेचा एक दाणासुद्धा नव्हता आत. त्या डब्याकडे बघून मला रडू फुटलं, इतका संताप आला. मी ठरवलं, गेली गाडी खड्ड्यात. आता ह्या माणसाचं तोंड बघायचं नाही.

चार दिवस नाही बघितलं. पाचव्या दिवशी मला लवकरच्या पाळीला जायचं होतं, म्हणून साडेपाचलाच खाली उतरले. पार्किंगमध्ये उजेड दिसला. काका आणि आमचा म्हातारा वॉचमन तांदळाच्या पोत्याशी झटत होते. पोतं वजनकाट्यावर उभं होतं. काकांनी वाकून आकडा वाचला, पोत्याचं तोंड उघडलं, मापानं थोडा तांदूळ घातला. परत वाचला. दोन मुठी काढल्या. मग दोघांनी दोन टोकं धरली, हुश्श करून उचललं आणि गाडीच्या डाव्या सीटवर सोडलं. धप्प! अख्खी गाडी हलली. काकांनी पोत्याला पट्टा लावला, पदर सारखा करावा तसं वरचं तोंड नीट दुमडलं आणि गाडीत बसले.

मी खांबामागून पुढे झाले. राग-बिग विसरले. "काका, हे काय चाललंय?"

ते दचकले. चोरी पकडल्यासारखं बघितलं माझ्याकडे. मग नेहमीचा आवाज काढायचा प्रयत्न केला. "ट्रायल. अण्णा नगरपर्यंत. रोज."

"पोत्याची?"

"एकूणपन्नास किलो." जरा थांबून म्हणाले, "काल तिचं तितकं भरलं. इस्पितळातून आली तेव्हां सत्तेचाळीस होती. आठवड्याआठवड्याला वाढवतों आहे."

दोन महिने हा माणूस बायकोच्या वजनाचं पोतं शेजारी बसवून अण्णा नगरला जाऊन येत होता. कुठं खड्डा आहे, कुठं ब्रेक किती आधी दाबला तर पोतं पुढे झुकत नाही, किती वाजता गर्दी असते, सगळं वहीत टिपलेलं. पोतं मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं की! किराणा समजून सोडून दिलं होतं. माझ्यासारखी मूर्ख मीच.

आणि मग माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. "काका, पोतं नसताना दिवा कधी लागलाय?"

त्यांनी वही काढली, पानं उलटली. पुन्हा उलटली. "नाही."

"पोतं ठेवायला कधीपासून लागलात?"

"लायसन्स हातांत आलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"आणि दिवा पहिल्यांदा?"

"त्याच्या सहाव्या दिवशीं."

मी लवकरच्या पाळीला मनातल्या मनात रामराम ठोकला, पोतं उतरवायला लावलं आणि मेमो-बिमो न लिहिता सीटचे चार बोल्ट काढले. काकांनी बोल्ट ठेवायला हात पुढे केला. सीट उलटी केली. आतली एक जाड स्प्रिंग तुटून तिचं टोक खाली आलं होतं, आणि बरोबर त्याच्याखालून, गालिच्याखालून, त्या सेन्सरची वायर जात होती. टोकानं वायरीची साल सोलून तांबं उघडं पाडलं होतं. सीटवर वजन आलं की स्प्रिंग वायरीला टेकायची आणि दिवा लागायचा. वजन उतरवलं की चार वेळा चालू-बंद केल्यावर दिवा विझायचा. माणूस सीटवर बसतो तेव्हा हळू टेकतो. पोतं रोज कमरेच्या उंचीवरून धप्पकन पडत होतं. सहाव्या दिवशी स्प्रिंगनं मान टाकली.

"काका!" मी हातातला पाना नाचवला. "दिवा तुम्हीच लावलात! गाडी ठणठणीत होती! ती बिघडलेली नाही ना हे बघायला तुम्ही तिच्यावर पोतं आपटलंत आणि बिघडवलीत! दोन सेन्सर माझे, तीन शनिवार माझे, त्या फळ्यावर नाव माझं, आणि तो डबा!"

मला वाटलं, आता हेही उसळतील. मला तेच हवं होतं. पण ते सिमेंटच्या कट्ट्यावर बसले. नजर त्या तुटक्या स्प्रिंगवर.

"मागल्या वर्षी तिज दुखलं," ते म्हणाले. "इथं, डाव्या हातांत. आम्ही डॉक्टरकडे गेलों. तिथं पोचेपर्यंत थांबलं. त्यांनी हृदयाचा कागद काढला, कागद साफ. दोन महिन्यांनी पुन्हा दुखलं. पुन्हा गेलों. पुन्हा थांबलं, पुन्हा साफ. तिसऱ्यांदा दुखलं तेव्हां ती म्हणाली, जाऊं या की. मी पेपर वाचत होतों. मी म्हणलों, थांबलं ना? मग सुम्मा कशाला जायचं. गॅस असेल."

मी पाना खाली ठेवला.

"सदतीस वर्षं," काका म्हणाले. "सदतीस वर्षांत एक सिग्नल असा सोडला नाही, इंजिनियरम्मा. आणि घरांतला सोडला. तू म्हणालीस काळी पट्टी लावूं. ती मी एकदां लावली आहे."

मी कुणावर म्हणून इतकी चिडले होते तेच मला आठवेना. मी वायर तोंडाशी धरून उगाच फुंकर मारत बसले.

वायर मी त्याच दिवशी नीट केली. सीट पुदुपेटच्या गादीवाल्याकडे नेली, नवी स्प्रिंग घालून आणली, खालून जाड कापड शिवून घेतलं. पोत्याची शेवटची ट्रायल झाली, पण ह्या खेपेला वॉचमननं आणि मी पोतं तान्ह्या बाळासारखं टेकवलं. अण्णा नगर ते मैलापूर, दिवा नाही. काकांनी सही-शिक्क्यानं गाडी परत घेतली. डबाही आला, आत तूप सुटलेला रवा केसरी, म्हणजे आपला केशरी शिरा.

शनिवारी मामींना सांगायला गेले तेव्हा काका बाजारात गेले होते. मामींनी मला जवळ बसवलं. पोत्याचं त्यांना सगळं ठाऊक होतं. रोज सकाळी गॅलरीतून बघत होत्या. "माझ्या वजनाचा तांदूळ," त्या म्हणाल्या, "आणि तो तरी चांगला घ्यावा. जाडाभरडा घेतला मेल्यानं." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "दर तासाला विचारतो, दुखतं की? मी नाही म्हणतें. दुखलं तरी नाहीच म्हणतें. हो म्हणलें तर हा मज खिडकीपाशीं पण बसूं देणार नाही. अक्काकडे जायचं आहे मज. तू त्यास सांगूं नको हं."

मी मान हलवली खरी. पण ते ओझं घेऊनच मी वर गेले. सांगावं तर अक्काची भेट जाते, न सांगावं तर दुसरंच काही जायचं.

रविवारी दुपारी चारला मामी निघाल्या. डाळिंबी नऊवारी, डोळ्यांवर काळा चष्मा, टप उघडा. काकांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलेलं. "सोड की आता ब्रेक," मामी म्हणाल्या, आणि गाडी फाटकातून बाहेर पडली. मी फोन हातात घेऊन गॅलरीत बसले. पाच वाजले, सहा वाजले. फोन नाही. साडेसातला खालून मामींचा आवाज आला, माझा जीव भांड्यात पडला आणि मी खाली धावले.

त्या जिन्यातच फाडफाड बोलत होत्या. "रस्ता बघ, रस्ता बघ म्हणून माझा घसा बसला! सगळी वेळ माझ्या तोंडाकडे बघत चालवली यानं! दोन रिक्षावाल्यांनी शिव्या दिल्या, एका पोलिसानं हात जोडले! अक्का म्हणाली, सरसा, तू बरी आहेस, पण हा माणूस वाचेल की नाही?"

"आणि दिवा?" मी काकांना विचारलं. "लागला का?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली गाडीकडे बघितलं.

"दिवा पाहायचा राहिला," ते म्हणाले.

पहिल्या मजल्याच्या दाराशी आम्ही तिघं उभे. मामी कठड्याला धरून श्वास घेत होत्या. काकांनी विचारलं, "दुखतं की?"

"नाही," मामी म्हणाल्या, सवयीनं. किल्ली काढून दार उघडलं. आत पाय ठेवला, आणि मागे न वळताच म्हणाल्या, "थोडं. जिना चढलें तेव्हां. आणि परवां पण."

काका घाबरतील, ओरडतील, हा काय न्याय म्हणतील असं मला वाटलं. त्यांनी तसलं काहीच केलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली, मामींना बसवलं आणि समोर जमिनीवर बसून त्यांच्या पायांतल्या चपला काढल्या.

"परवां कधी?" त्यांनी विचारलं. "सकाळीं की दुपारीं? सांग. किती वेळ होतं?"

मामी सांगायला लागल्या. मी दार ओढून घेतलं आणि वर आले.